रिकाम्या हातानं

दानिएल चौकीदाराचा मला राग यायचा. मेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं असा रिवाज आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावावर, पाणी सोडणाऱ्या खात्याच्या छोट्या कार्यालयात मी अकरा वर्षं दप्तर कारकून होतो. त्यातली निदान सहा वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात चिडलेलो होतो. एका बाईनं त्याला माफ केलं होतं आणि तो ती माफी घ्यायला तयार नव्हता. त्याची गोष्ट म्हणाल तर एवढीच आहे.

नव्व्याण्णव साली मी बदलीवर तिथं पोचलो, तेव्हा फाट्यावर मला घ्यायला तोच आला होता. उंच, किंचित पोक काढून चालणारा, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. "सलाम, बाबूजी," म्हणाला. आमच्या वर्ध्याकडे मला असा सलाम कुणी केला नव्हता, त्यामुळे मी लगेच जातधर्म विचारण्याचा आगाऊपणा केला. आजा मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होता, तेव्हापासून घर ख्रिस्ती आहे, असं त्यानं सांगितलं आणि माझी ट्रंक सायकलच्या नळीवर घेतली. कॅरिअरवर जागा नव्हती. तिथं दोनच वस्तू असायच्या. एक गेटची चावी, म्हणजे तलावाचं दार वरखाली करायचा हातभर लोखंडी दांडा. दुसरं, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं बायबल. दोन्ही सायकलच्या जुन्या ट्यूबनं एकत्र आवळलेल्या.

तोंडात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेला हा माल म्हणजे आमच्या विदर्भाचं राष्ट्रीय खाद्य. अर्जुनीच्या छोट्या चर्चमध्ये एक तरुण पाळक होते, ते त्याला यावरून नेहमी टोकायचे. दानिएल ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि मग मला येऊन सांगायचा, "खर्रा सोडून सर्ग भेटत असता जी, तं बकऱ्या कवाच्याच वर गेल्या असत्या."

ही नुसती थट्टा नव्हती. माणसाचं तारण देवाच्या कृपेनं होतं, त्याच्या स्वतःच्या चांगल्या कामांनी नाही, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि ते तो पाटावर, चहाच्या टपरीवर, कुणी विचारो न विचारो, सांगत असे. कुणाला आपल्या धर्मात ओढायचा त्याला सोस नव्हता. सांगायला आवडायचं, म्हणून सांगायचा. आवाज चांगला होता. गेट उघडताना चाकाच्या फेऱ्यांवर तो गाणं म्हणायचा आणि त्या आवाजावरून बायका ओळखायच्या की आता पाणी येतं आहे.

गावातले मोठे शेतकरी कटरे पाटील एकदा टपरीवर त्याच्याशी चांगलेच भांडले. पाटलांनी देवळाला कळस चढवलेला, शाळेला बोअर करून दिलेली. त्यांचा सवाल सरळ होता. जन्मभर मी पुण्य करायचं, आणि एखाद्या चोरानं मरताना हात जोडले की तो माझ्या बरोबरीनं देवाकडे जाणार, हे कसं? दानिएलनं खर्रा गालात सरकवला. म्हणाला, "तुमच्या बांदीत पाणी जाते, तं टेलच्या सीतारामच्या बांदीतबी जाते. तो तं पाटाचा गाळबी काढत नाही." बांदी म्हणजे तिकडचं धानाचं खाचर, टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. पाटील म्हणाले, मग हा कायचा न्याय? "न्याय नाहीच जी," दानिएल म्हणाला. "न्यायानं पाणी सोडला असता, तं आपण सगळेच कोरडे रायलो असतो."

पाटील उठून गेले. मी देवधर्मातला माणूस नाही, पण ते वाक्य मला आवडलं आणि लक्षात राहिलं. पुढं ते मी त्याच्याच तोंडावर फेकणार होतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता तलावाची एक रीत सांगायला हवी. गेटजवळच्या मोहाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पाणी सोडायचं असलं की चौकीदार त्याच्यावर टोल द्यायचा. पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधे कोरड्या पाटात बाया गोवऱ्या थापतात, पोरं डबक्यांत मासोळ्या धरतात. टोल ऐकला की सगळे वर येतात. पण गावाजवळ रस्त्याखालून जाणारी एक लांब मोरी आहे, तिच्या आत टोल ऐकू जात नाही. म्हणून टोल दिल्यावर चौकीदारानं पाटाच्या काठानं मोरीपर्यंत चालत जायचं, वाकून आत हाक मारायची, परत यायचं आणि मग गेट उघडायचं. जाऊन येऊन तासभर लागायचा. हे कुठल्या कागदावर नव्हतं. आधीचा चौकीदार असं करायचा, म्हणून दानिएलही करायचा.

मला तिथं चौथा उन्हाळा लागला होता. उन्हाळी धानाच्या पाण्याची पाळी नेमकी झावळ्यांच्या रविवारी आली. ख्रिस्ती लोकांचा हा मोठा सण, ईस्टरच्या आधीचा रविवार. त्या दिवशी गोंदियाहून मोठे पाळक येणार होते आणि गाणं धरायचं काम दानिएलकडे होतं. बायको एस्तेर आधीच पुढं गेली होती. त्यानं टोल दिला, थोडा जास्तच दिला असं लोक सांगतात, मोरीपर्यंत गेला नाही, गेट उघडलं आणि सायकलवर टांग टाकून अर्जुनीला निघाला. गेटची चावी सवयीनं कॅरिअरवर, बायबलासोबत.

मोरीत तीन पोरी होत्या. दोघी पाण्याचा आवाज ऐकून बाहेर पळाल्या. तिसरी काजल, रेवंताबाईची. रेवंता ढिवराची विधवा, बाजारात मासोळी विकायची. मोठा मुलगा नागपूरला कामाला, घरात या दोघीच. काजल आठ वर्षांची होती. टोपली घ्यायला मागं वळली, असं त्या दोघींनी सांगितलं.

लोक गेटकडे धावले. गेट बंद करायला चावी नव्हती. कुणीतरी मोटरसायकल घेऊन अर्जुनीला गेला. चर्चमध्ये सगळे झावळ्या हातात धरून उभे होते आणि दानिएल पुढं उभा राहून गात होता. त्याला हात धरून बाहेर काढावं लागलं. तो परत येऊन गेट पाडीपर्यंत दीड तास गेला होता, आणि गेट पडल्यावरच काजल मिळाली. डॉक्टर म्हणाले की चावी जागेवर असती तरी पोरगी वाचली नसती, पहिल्या पाच मिनिटांतच संपली होती. दानिएलला हे मी कितीदा सांगितलं, त्याला गणती नाही. तो फक्त "हाव जी" म्हणायचा.

चौकशी झाली. साहेब आले, खुर्चीत बसले, मी जबाब लिहून घेतला. दानिएलनं कुणी विचारायच्या आतच सांगितलं की त्या दिवशी मी मोरीपर्यंत चाललो नाही. साहेबांनी मला विचारलं, चालायचं असा नियम कुठं आहे? नव्हताच. टोल दिल्याचे साक्षीदार मात्र दहा होते. अहवालात 'कर्तव्यात कसूर आढळून येत नाही' असं वाक्य पडलं. ते माझ्याच हस्ताक्षरात आहे. मला बरं वाटलं होतं, गरीब माणसाची नोकरी वाचली म्हणून. अहवाल मी त्याला वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत उभ्यानं ऐकत राहिला आणि म्हणाला, "याच्यात तिचा नाव नाही, बाबूजी." खरंच नव्हतं. 'एक अल्पवयीन मुलगी' एवढंच होतं. मी म्हणालो, अशा कागदात नाव घालत नाहीत. ही थाप होती. मला नाव घालायचं सुचलंच नव्हतं.

त्या आठवड्यात त्यानं खर्रा सोडला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, पाळकांना तर आनंद झाला. मला मात्र ते बघवेना. बकऱ्यांचा विनोद करणारा माणूस आता कशाच्या तरी बदल्यात काहीतरी सोडायला लागला होता. मग चहा सुटला. मग पायातली चप्पल गेली. पाणी असो नसो, रोज सकाळी तो मोरीपर्यंत अनवाणी चालत जायचा, वाकून आत हाक मारायचा आणि परत यायचा. मे महिन्यात पाटाच्या कडेचे दगड कसे तापतात ते तिथं राहिलेल्यालाच माहीत. गाणं थांबलं. गेटचं चाक नुसतंच करकरायला लागलं.

आणि त्यानं रेवंताबाईच्या घरचं काम धरलं. रोज जळतणाची मोळी. पावसाळ्याच्या आधी छपराचे कवेलू फेरून द्यायचे. विहिरीचं पाणी आणून रांजण भरायचा. अंगण सारवायला शेण आणायचं. त्या घरात तो कधी बसला नाही, घोटभर पाणी प्याला नाही. काम झालं की दाराशी खाली मान घालून थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा. गावात त्याची फार तारीफ झाली. कटरे पाटीलसुद्धा म्हणाले, माणूस असावा तर असा. रेवंताबाई काही बोलायची नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा ती स्वतः गेटवर आली. मी तिथंच होतो, पाण्याची पातळी टिपायला गेलो होतो. मोहाखाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि आदल्या पाळीचं पाणी कमी आलं म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "भाऊ, माझ्या मनात आता काही नाही. मी माफ केला तुमाले." दानिएलनं हात जोडले. ती गेली. मला वाटलं, सुटला हा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयाचं दार उघडत होतो, तर हा समोरून डोक्यावर मोळी घेऊन तिच्याच घराकडं निघालेला.

माझा राग इथून सुरू झाला. पाळकांनी त्याला पुष्कळ समजावलं. कृपा फुकट असते, दानिएल, आपण तिच्यासाठी काही करू शकत नाही, वगैरे. ही सगळी वाक्यं त्यांनी दानिएलकडूनच ऐकलेली असणार, इतकी ती त्याची होती. तो म्हणायचा, पटते जी, आणि मोरीकडे चालू लागायचा.

आणखी चार वर्षं अशीच गेली. एक दिवस रेवंताबाई माझ्या कार्यालयात आली. खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, तुमचा माणूस आहे, त्याचं माझ्या घरी येणं बंद करा. मी चकित झालो. एवढी मदत करतो तुम्हाला, असं काहीतरी बोललो असेन. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"मोळी टाकते अन् दाराशी उभा रायते," ती म्हणाली. "मले पोरगी आठवाची असते, तं हा समोर. तिचा तोंड दिसतच नाही आता. याचाच दिसते." पुढं म्हणाली, "माफ तं केला मी. तो घेत नाही, तं मी का करू? वापस घेऊ?"

मग तिनं येण्याचं खरं कारण सांगितलं. नवा तांदूळ निघाला होता. मंगळवारी ती भात आणि मासोळी करणार होती. दानिएलनं यावं, बसून जेवावं, हात धुवावे आणि जावं. "पण रिकाम्या हातानं ये म्हणा," ती म्हणाली. "काडीबी नको."

निरोप मी दिला. तो नाही म्हणायला लागला, तेव्हा माझा बांध फुटला. टपरीवर पाटलांना काय सांगत होतात ते आठवा, मी म्हणालो. न्यायानं पाणी सोडलं असतं तर सगळे कोरडे राहिले असते, हे कुणाचं वाक्य? त्या सीतारामला घेता येतं, तुम्हालाच का येत नाही? एवढे मोठे आहात का तुम्ही?

दानिएलनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. टाचांना भेगा पडल्या होत्या. "दुसऱ्याच्या बांदीत पाणी सोडणं सोपा असते, बाबूजी," तो म्हणाला. मग म्हणाला, जातो.

मंगळवारी दुपारी तो निघाला तेव्हा मी स्वतः सायकलचं कॅरिअर तपासलं. सोबतही गेलो. मोरीपाशी मला थांबायला सांगून तो पुढं चालत गेला. तिथून तिचं घर सरळ दिसतं. वाटेत एक मोठं बाभळीचं झाड आहे, त्याच्याखाली वाळल्या काटक्या पडलेल्या असतात. तो झाडापाशी थबकला. मी तिथूनच ओरडणार होतो, ओरडलो नाही. तो वाकला, चारपाच काटक्या उचलल्या आणि घराकडं गेला.

रेवंताबाई दारात उभी होती. आत दोन ताटं मांडलेली होती, हे मी नंतर ऐकलं. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानं त्या काटक्या उंबऱ्याशी नीट ठेवल्या. परत येताना माझ्या शेजारून गेला, पण थांबला नाही. मी त्याला नको नको ते बोललो. एका म्हाताऱ्या होत आलेल्या माणसाला रस्त्यात उभं राहून इतकं बोलल्याची मला आज लाज वाटते.

त्यानंतर तो तिच्या दाराशी गेला नाही. मोळी मात्र रोज बांधायचा आणि तिच्या कुडाबाहेर टाकून यायचा. तिनं त्यातलं एक लाकूड चुलीत घातलं नाही. ढीग वाढत गेला, त्याला वाळवी लागली.

पुढं माझी बदली गोंदियाला झाली. वर्षभरानं तोही निवृत्त झाला. मग दोन वर्षांनी बातमी आली की त्याला तोंडाचा कर्करोग निघाला. खर्रा सोडून दहा वर्षं झाली होती. नागपूरला अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा काढला, तरी पसरलाच. मी बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि त्याच्या घरी गेलो. पिशवीत दोन किलो संत्री होती. जबडा नसलेल्या माणसासाठी संत्री घेऊन गेलो, हे मला एस्तेरनं पिशवी हातातून घेतली तेव्हा लक्षात आलं.

थंडीचे दिवस होते. अंगणात उन्हात त्याची खाट टाकली होती. अंगावर गोधडी, गळ्याभोवती फडकं. एवढा उंच माणूस, खाटेवर पोराएवढा दिसत होता. बोलता येत नव्हतं. मला ओळखलं, हात कपाळाशी नेला. सलाम केला असावा. कुडाला एक मोळी टेकवून ठेवलेली होती. पाय चालत होते तोवर रोज बांधली, ही शेवटची तशीच राहिली, असं एस्तेर म्हणाली.

मी स्टुलावर बसून काहीबाही बोलत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. रेवंताबाई होती. केस पार पांढरे झालेले. हातात फडक्यानं झाकलेलं जर्मनचं भांडं. ती माझ्याकडं न बघता खाटेशी गेली, खालीच मांडी घातली आणि भांड्यावरचं फडकं काढलं. नव्या तांदळाची पेज होती, पातळ, वाफाळलेली.

दानिएल उठायला बघू लागला. तिनं एका हातानं त्याला खाली दाबलं, जोर लावावा लागला नाही. मग त्याचा हात गोधडीतून बाहेर आला आणि कुडाकडं वळला. मोळीकडं. ती घेऊन जा, असं तो तिला सांगत होता. त्याच्याजवळ द्यायला तेवढंच उरलं होतं.

रेवंताबाईनं मान वळवून मोळी पाहिली. मग तो हात धरला, गोधडीवर पालथा ठेवला आणि तिथंच धरून राहिली.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "तोंड उघडा, भाऊ."

त्यानं डोळे मोळीवरून काढले नाहीत. चमचा त्याच्या ओठांशी थांबला होता. एस्तेर दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, नाही घेणार. दहा वर्षं घेतलं नाही, आता काय घेणार. मग त्यानं डोळे मिटले आणि उरलं होतं तेवढं तोंड उघडलं. पेज आत गेली त्यापेक्षा जास्त हनुवटीवरून खाली आली. रेवंताबाईनं आपल्या पदरानं ती पुसली आणि चमचा पुन्हा भांड्यात बुडवला.